पाटी नसलेले गुरुजी : गाडगेबाबा

६ डिसेंबर १९५६ हा दिवस आपल्या घराघरांत पाळला जातो. परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण त्या दिवशी झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, आजारी गाडगेबाबांना अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी शेवटचा श्वास घेतला. पंधरवड्याच्या आत महाराष्ट्राने दोन शिक्षक गमावले. एक जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत शिकून आलेला. दुसऱ्याने शाळेची पायरीही चढलेली नव्हती. तरीही शिकविणे म्हणजे काय, हे दोघांनाही नेमके ठाऊक होते.

गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडचे. त्यांनी धम्मदीक्षा घेतली नाही. ते अखेरपर्यंत कीर्तनकारच राहिले, हे आपण आधीच स्पष्ट केलेले बरे. मग धम्माच्या या पाक्षिकात त्यांचे चरित्र कशासाठी? त्याचे कारण आपल्या वस्त्यांतच आहे. घरात नवे मूल शाळेत जाऊ लागते. पहिले वर्ष जाते, दुसरे जाते. मग एके दिवशी गुरुजी सांगतात की हे मूल ढ आहे, याच्या डोक्यात काही शिरत नाही. बाप ते ऐकून घेतो, कारण गुरुजी शिकलेले असतात आणि आपण नसतो. मूल शाळेतून निघते आणि गुरांमागे, पऱ्हाटी वेचायला किंवा शहरात हमालीला लागते. शिकविण्याची रीत चुकली की मूल चुकले, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. गाडगेबाबांनी आयुष्यभर कोणालाही ढ म्हटले नाही. ज्याला जसे समजते तसे त्याला सांगायचे, अशी त्यांची रीत होती. ती रीत त्यांना कोठून मिळाली, हे पाहण्यासारखे आहे.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट समाजातील एका घरात डेबूचा जन्म झाला. वडील झिंगराजी, आई सखूबाई, आडनाव जानोरकर. वडील दारूच्या नादी लागले आणि त्यातच गेले. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे भावाकडे आल्या. आश्रित घरातल्या पोराच्या हाती पाटी कोण देणार? डेबूच्या हाती गुरांची काठी आली.

पण हे पोर निर्बुद्ध होते काय? गुरे राखता राखता कोणते जनावर कोणत्या हाकेला वळते, हे तो शिकला. पूर्णा नदीत पोहायला शिकला आणि पट्टीचा पोहणारा झाला. नांगर, वखर, पेरणी, निंदण अशी शेतीची सगळी कामे त्याने हाताने करून आत्मसात केली. रात्री गावातल्या पोरांना जमवून भजन करायचा आणि ऐकून ऐकून शेकडो अभंग त्याला तोंडपाठ झाले. अक्षरांखेरीज बाकी सर्व त्याला आले. अक्षर तेवढे आले नाही, कारण ते कोणी त्याच्यापुढे ठेवलेच नाही. एखाद्या परीक्षकाने त्या पोरापुढे पुस्तक धरले असते तर शून्य मार्क दिले असते, आणि पूर्णेच्या पुरात उभे केले असते तर पहिला नंबर दिला असता. पोर तेच, बुद्धी तीच. बदलली असती ती फक्त परीक्षा.

अक्षर नसल्याची किंमत मात्र त्या घराने पुरेपूर मोजली. डेबूचे मामा चंद्रभान सावकाराच्या व्यवहारात गुंतले. पैसे घेतले, पैसे फेडले. पण फेडल्याचा कागद हाती नव्हता, आणि सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. शेवटी शेती गेली. मामांनी धसका घेतला आणि ते गेले. डेबू त्या वेळी जवान होता. सावकाराची माणसे ताबा घ्यायला शेतात आली तेव्हा तो एकटा त्यांच्यासमोर उभा राहिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पण मनगटातला जोर कागदापुढे किती दिवस टिकणार? अंगठा उठविणाऱ्या माणसाचे घाम गाळलेले शेत सही करणाऱ्याच्या घरात जाते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे जन्मभर गाडगेबाबा पोरांना शाळेत घाला म्हणून सांगत हिंडले, त्याचे मूळ दापुऱ्याच्या त्या शेतात आहे.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मुलगी झाली. बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू हवी होती. कर्ज काढून रिवाज पाळायचा आणि पुढे वर्षानुवर्षे ते कर्ज फेडायचे, असे तेव्हा घरोघर चालले होते. डेबूजीने त्या दिवशी गोडधोडाचे जेवण वाढले. जातभाई रुसले. येथेही त्याची शिकविण्याची रीत दिसते. त्याने दारूवर व्याख्यान दिले नाही. पान वाढले आणि त्या पानावर दारू नव्हती. दारू न पिताही बारसे होते, ही गोष्ट शंभर माणसांनी एकदम पाहिली. दारूने बाप गेलेल्या मुलाने दिलेला तो पहिला पाठ होय.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. मागे आई सखूबाई आणि पत्नी कुंताबाई राहिल्या. संसाराचा भार त्या दोघींनी वाहिला, हे त्यांचे चरित्र सांगताना विसरता कामा नये. अंगावर चिंध्या जोडून केलेला झगा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच खायचे, त्यातच पाणी प्यायचे. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणाच्या दारी गेले तर आधी लाकडे फोडून द्यायची, अंगण झाडून द्यायचे आणि मग भाकरी मागायची, असा त्यांचा शिरस्ता होता. फुकट खाऊ नये, हे त्यांनी सांगण्याआधी असे करून दाखविले.

बारा वर्षे ते गावोगाव भटकले. माणसे कशाला हसतात, कशाने चिडतात, कोणती गोष्ट त्यांच्या गळी उतरते आणि कोणती कानाआड जाते, हे त्यांनी या भटकंतीत पारखले. आपल्याकडे गुरुजींना शिकविण्याची पदविका मिळते. बाबांना ती बाजारात, जत्रेत, धर्मशाळेच्या ओट्यावर आणि नदीच्या घाटावर मिळाली.

आता त्यांची शाळा कशी भरत असे ते पाहू. बाबा सकाळी गावात येत. कोणाशी फारसे न बोलता खराटा घेऊन रस्ता झाडू लागत. गटारे साफ करीत. गावचे लोक आधी नुसते पाहत. मग कोणाला तरी लाज वाटे आणि तो पुढे होई. दुपारपर्यंत अर्धे गाव खराटे घेऊन उभे राही. ज्या माणसाला शब्दांनी समजत नाही त्याच्यासाठी हा हाताचा पाठ होता. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. ज्याला ऐकून समजते त्याच्यासाठी हा कानाचा पाठ होता. दिवसा केलेले काम आणि रात्री ऐकलेले बोल यांचा एकमेकांशी मेळ असे. सकाळी ज्याने हात घाण केले, त्याला रात्री घाण म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

कीर्तनात ते एकटे बोलत नसत. ते विचारीत आणि लोकांकडून उत्तर वदवून घेत. देव किती, असे विचारले की सभा म्हणे, एकच. मग बाबा एकेका गावच्या दैवताचे नाव घेत आणि हा आहे ना, तोही आहे ना, असे विचारीत जात. लोक हो हो म्हणत जात. मोजता मोजता तो एक कोठल्या कोठे हरवे. हशा पिके, आणि त्या हशातच माणूस विचार करू लागे. देवाला नैवेद्य ठेवता आणि कुत्रे येईल म्हणून हातात काठी घेऊन का बसता, असे ते विचारीत. याचे उत्तर बाबा सांगत नसत. ते ज्याचे त्याला द्यावे लागे. स्वतः काढलेले उत्तर माणूस विसरत नाही. पाठ करून घेतलेले दुसऱ्या दिवशी विसरतो.

समोर कोण बसले आहे याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. कास्तकार असले तर कर्जाचा आणि व्याजाचा हिशेब निघे. बाया असल्या तर लुगडे, हुंडा आणि लग्नाचा खर्च निघे. मजूर असले तर दारूच्या गुत्त्यावर जाणारी मजुरी निघे. पुस्तकातले दाखले त्यांच्यापाशी नव्हते आणि त्यांची गरजही पडली नाही. भाषा साधी वऱ्हाडी, बापहो म्हणून हाक मारणारी. शिकलेला पदवीधर आणि निरक्षर मोलकरीण एकाच सतरंजीवर बसत आणि दोघांनाही ते कीर्तन आपल्यासाठीच चालले आहे असे वाटे. वर्गात चाळीस मुले असतील तर प्रत्येकासाठी चाळीस वेगळे पाठ घ्यावे लागत नाहीत. एकच पाठ चार वाटांनी न्यावा लागतो : दाखवून, सांगवून, करवून आणि विचारून. कोणती ना कोणती वाट प्रत्येकाला सापडते. बाबांच्या शाळेचे मर्म हेच होते.

कीर्तनातून पैसा येई. तो त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. पूर्णाकाठी ऋणमोचन येथे घाट झाला. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. गोरगरिबांसाठी शाळा आणि वसतिगृहे निघाली. पंढरपूरची गोष्ट आपल्याला विशेष जवळची आहे. वारीला येणाऱ्या अस्पृश्यांना तेथे उतरायला जागा मिळत नसे. पावसापाण्यात उघड्यावर राहणारी ती माणसे बाबांनी पाहिली आणि त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे हीच वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, कारण तेथे आपल्या मुलांचे वसतिगृह व्हावे असे त्यांना वाटले. ज्या जागेत माणसे देवाच्या दर्शनासाठी मुक्काम करीत, त्या जागेत मुलांनी अभ्यास करावा, हा बदल कीर्तनकार असलेल्या बाबांना खटकला नाही. उलट त्यात त्यांना समाधान वाटले. बाबासाहेबांना गाडगेबाबांविषयी आदर होता तो उगाच नव्हे.

आणि बाबांच्या कीर्तनात बाबासाहेबांचे नाव येत असे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्रा पोलीस ठाण्यात त्यांचे जे कीर्तन झाले ते ध्वनिमुद्रित झालेले आहे. तेव्हा ते थकलेले होते, आणि पुढे दीड महिनाही जगले नाहीत. त्या कीर्तनात त्यांनी बाबासाहेबांचा दाखला दिला. वडिलांनी मुलाला शाळेत घातले, मुलगा शिकला आणि त्याने देशाची घटना लिहिली. शाळेत घातले नसते तर काय झाले असते, असा त्याचा आशय. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा महिनाही झाला नव्हता. खर्चात काटकसर करा, भांडी मोडा, हलके लुगडे नेसा, पण पोरांना शिकविल्यावाचून राहू नका, हे बाबांचे शेवटपर्यंतचे सांगणे राहिले.

येथे भगवान बुद्धांच्या काळातली एक गोष्ट आठवते. राजगृहातले दोन भाऊ, महापंथक आणि चुल्लपंथक, संघात आले. थोरला हुशार होता. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही. नवी ओळ शिकली की मागची विसरे. थोरल्या भावानेच त्याला सांगितले की तुझ्याच्याने हे होणार नाही, तू घरी जा. चुल्लपंथक रडत निघाला. तथागतांनी त्याला वाटेत पाहिले आणि परत आणले. त्यांनी त्याला दुसरी गाथा दिली नाही. एक पांढरे स्वच्छ फडके दिले आणि उन्हात बसून ते हाताने चोळत राहा, मळ जातो असे म्हणत राहा, एवढेच सांगितले. चोळता चोळता फडके मळले. स्वच्छ असलेले असे कसे बदलले, याचा चुल्लपंथक विचार करू लागला आणि त्यातून अनित्यता त्याला उमगली. चार महिन्यांत जिभेला जे जमले नाही ते हाताने आणि डोळ्याने एका दिवसात घडले. तो पुढे अर्हत झाला.

ही गोष्ट आपण विहारात सांगतो, पण तिचा अर्थ घरी नेत नाही. चुल्लपंथकाची बुद्धी तथागतांनी बदलली नाही; पाठ बदलला. परटाच्या घरात जन्मलेल्या डेबूजीने चुल्लपंथकाचे नाव ऐकले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्याने फडक्याऐवजी खराटा घेतला एवढेच. आणि घरी जा असे सांगणारा थोरला भाऊ आजही अनेक वर्गांत फळ्यापाशी उभा असतो.

आता आपल्या काळाचे बोलू. मुलांचे डोळ्यांनी शिकणारे आणि कानांनी शिकणारे असे कायमचे गट पाडावेत, ही कल्पना मध्यंतरी फार बोकाळली. संशोधनात तिला पुरेसा आधार मिळाला नाही. मुलावर असा शिक्का मारणे म्हणजे ढ म्हणण्याचाच दुसरा प्रकार होय. पण एकच गोष्ट पाहून, ऐकून, करून आणि बोलून शिकविली की ती पक्की बसते, हे मात्र अनुभवाचे आहे. काही मुलांना अक्षरे उलटसुलट दिसतात, काहींना आकड्यांचा मेळ लागत नाही, आणि त्यांची बुद्धी मात्र शाबूत असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. रीतसर तपासणी करून दाखला घेतल्यास शाळेत आणि परीक्षेत सवलत मागता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यांवर बंदी घातली आहे. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून जादा शिकवणी देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. हे हक्क बाबासाहेबांच्या घटनेच्या वाटेने आलेले आहेत. ते मागायला संकोच कशाचा?

आणि घरी काय करता येईल? बेरीज येत नसेल तर तुरीचे दाणे घेऊन बसा. अक्षर बसत नसेल तर अंगणातल्या मातीवर बोटाने गिरवू द्या. धडा पाठ होत नसेल तर मुलाला आजीपुढे बसवून तो गोष्टीसारखा सांगायला लावा. आई निरक्षर असली तरी तिने मुलाला विचारावे की आज काय शिकलास, मला समजावून सांग. सांगता सांगता त्यालाच ते समजेल. गाडगेबाबांना तरी कोठे वाचता येत होते? शिक्षक असलेल्या आपल्या उपासक-उपासिकांवर याहून मोठी जबाबदारी आहे. आपण ज्या वर्गात मागे बसलो त्याच वर्गात आज आपण फळ्यापाशी उभे आहोत. मागच्या ओळीतल्या मुलाकडे आपणच पाहिले नाही तर कोण पाहणार?

वलगावच्या वाटेवर निघालेले ते प्रेत अमरावतीला आणले गेले. जेथे अंत्यविधी झाला ती जागा आज गाडगेनगर म्हणून ओळखली जाते आणि तेथे त्यांचे समाधिस्थान आहे. १९८३ साली अमरावतीत विद्यापीठ निघाले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. २००० साली सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियानही सुरू केले. खराटा लोकांच्या चांगला लक्षात राहिला. पण खराट्यामागचा शिक्षक काहीसा मागे पडला. ज्यांना स्वतःच्या नावाचे अक्षर गिरवायला कोणी शिकविले नाही, त्यांचे नाव आज हजारो मुलांच्या पदवीच्या कागदावर छापलेले असते. दापुऱ्याच्या शेतात एका कागदापायी हरलेल्या घराने अखेर असा कागद कमावला.

आपल्या घरातही असाच एखादा डेबू गुरांमागे उभा असेल, किंवा वर्गाच्या शेवटच्या ओळीत खाली मान घालून बसला असेल. त्याला ढ म्हणण्यापूर्वी आपण त्याच्यापुढे किती वाटा ठेवल्या, हे एकदा मोजून पाहावे. एकच वाट ठेवली असेल तर दुसरी ठेवावी. दुसरीने जमले नाही तर तिसरी ठेवावी. मूल शाळेतून काढण्याचा विचार मात्र मनात आणू नये.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.